शुगर लँडचा भाद्रपद आणि आखातातली वादळे

आपल्या बेटावर गणपतीचे दिवस आले म्हणजे वादळाचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. आपली चक्रीवादळे नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंतची. भाद्रपदात फार तर आग्नेयेचा गार वारा सुटतो, वाक्वाला झिमझिम पाऊस येतो, आणि मूर्ती नदीवर किंवा समुद्रावर नेताना बायका डोक्यावरून पदर घेतात, एवढेच. आपल्या वाडवडिलांच्या कोकणातही नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळी होड्या पाण्यात लोटतात. दर्या शांत होण्याचे ते दिवस. त्यामुळे गणपती आणि वादळ या दोन गोष्टी एका वाक्यात येतील, असे आम्हांला २०१७ सालापर्यंत कधी वाटले नव्हते.

आमची एक पुतणी वाक्वाची. लग्न होऊन ती अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या शुगर लँड या गावी गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. जावईबापू मूळचे रत्नागिरीकडचे, घरात त्यांच्या वृद्ध मातोश्री आणि दोन मुले. तिथे मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पण घरचा गणपती ही मंडळी भारतातल्या पंचांगाप्रमाणेच बसवतात. त्या वर्षी चतुर्थी आली शुक्रवारी, २५ ऑगस्टला. आणि त्याच शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास हार्वी नावाचे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्ट गावाजवळ, चौथ्या श्रेणीचे होऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १३० मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे किलोमीटरच्या वर. आमच्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती, सात वाजले होते. दीड दिवसाच्या विसर्जनाची तयारी चालली होती. आम्ही टेलिफोन लावला, तेव्हा पलीकडून पुतणी म्हणाली, "काका, काही काळजी करू नका. वादळ इथून फार लांब उतरले. आरती झाली, आता झोपतो आहोत."

वादळ खरोखरच लांब उतरले होते. शुगर लँडपासून रॉकपोर्ट शंभर मैलांहून दूर. आमचाही जीव भांड्यात पडला. कॅरोल पाहिलेल्या पिढीतली माणसे आम्ही. १९६० च्या फेब्रुवारीत घरावरचे पत्रे कसे उडाले ते आम्हांला पाठ आहे. वारा गेला की वादळ गेले, हीच आमची समजूत. ती किती अपुरी आहे ते पुढच्या आठ दिवसांत कळले. त्यानंतर दोन वेळा आम्ही त्या गावी जाऊन राहून आलो, आणि तिथली माणसे समुद्रावर नजर कशी ठेवतात ते पाहिले. त्याचीच हकिगत वाचकांसमोर ठेवतो.

शुगर लँड म्हणजे साखरेची भूमी. हे नाव ऐकून आपल्या वाचकांचे कान टवकारतील, आणि ते योग्यच आहे. ब्राझोस नदीच्या काळ्या मातीत तिथे एकोणिसाव्या शतकात ऊस होता, गिरणी होती, आणि ऊस तोडायला आधी गुलाम होते व गुलामगिरी संपल्यावर भाड्याने दिलेले कैदी होते. सरकार कैदी मळेवाल्यांना भाड्याने देई. २०१८ साली शाळेची इमारत बांधताना तिथे ९५ जणांची विस्मृतीत गेलेली दफनभूमी सापडली; ती त्या कैद्यांची. आपल्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आलेल्यांचे करार होते, मजुरी होती, नावे तरी वहीत होती. या ९५ जणांची नावेसुद्धा मातीतून शोधावी लागली. असो. पुढे ऊस गेला, बाहेरून आणलेली कच्ची साखर शुद्ध करण्याचा इंपीरियल शुगरचा कारखाना राहिला, तोही २००३ साली थांबला. आठ मजली विटांची एक जुनी इमारत अजून उभी आहे. आज गावाची वस्ती लाखावर आहे, आणि जिथे ऊस होता तिथे घरे आहेत. समुद्र गावातून दिसत नाही. तो सुमारे ५० मैल दक्षिणेला आहे. पण गावाचे सारे लक्ष जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत त्या न दिसणाऱ्या समुद्राकडे, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडे लागलेले असते.

पाहण्याची पद्धत अशी. मायामी येथे अमेरिकेचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र आहे. हंगामात ते दर सहा तासांनी एक नकाशा प्रसिद्ध करते. शुगर लँडच्या घड्याळाप्रमाणे पहाटे एक, सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात. नकाशात ज्या भागात पुढच्या सात दिवसांत वादळ जन्माला येण्याचा संभव असेल, तो भाग रंगवलेला असतो. संभव शेकडा ४० च्या आत असेल तर पिवळा, ४० ते ६० असेल तर नारिंगी, त्यावर तांबडा. पूर्वी हा अंदाज दोनच दिवसांचा असे, २०१३ पासून पाच दिवसांचा झाला आणि २०२३ पासून सात दिवसांचा. आमची पुतणी सकाळी सातचा नकाशा पाहिल्याशिवाय चहा गाळत नाही. मुलांनाही ती सवय लागली आहे. धाकटा विचारतो, "आई, आज पिवळे की काही नाही?" आपल्या घरी मुले पाऊस आहे का विचारतात, तसे.

आता एक ध्यानात घ्यावे, की हा रंग वादळाचा नसतो, शक्यतेचा असतो. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेले हवे, तेही नुसते पृष्ठभागावर नव्हे तर काही खोलीपर्यंत. हवेत ओल हवी. आणि वरच्या थरातला वारा खालच्या वाऱ्यापेक्षा फार निराळा असता कामा नये, नाहीतर उभारलेला ढगांचा मनोरा तिरका होऊन मोडतो. सहाराच्या वाळवंटातून धुळीचा कोरडा लोट अटलांटिकवर आला तरी वादळ धरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आखाताचे पाणी २९-३० अंशांवर जाते, म्हणजे पहिली अट पुरेपूर भागलेली असते. बाकीच्या दोन-तीन जमल्या की झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेले वादळ टेक्सासला पोहोचायला दहा-बारा दिवस घेते, त्याची वाट पाहता येते. पण आखातातच उगवणारी वादळे वाईट. २००७ सालच्या सप्टेंबरात हंबर्टो नावाचे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यालगत उगवले आणि एका दिवसाच्या आत साध्या कमी दाबाच्या पट्ट्याचे हरिकेन होऊन किनाऱ्यावर चढले. रात्री झोपताना एक बातमी, उठताना दुसरी.

हार्वीची जन्मकथा त्याहून विचित्र होती. १७ ऑगस्टला ते बार्बाडोसच्या पूर्वेला नावारूपाला आले, कॅरिबियन समुद्रात शिरले आणि दोन दिवसांत विस्कटून गेले. वादळ म्हणून त्याच्यावरची पत्रके बंद झाली. उरली ती नुसती ढगांची लाट. ती युकातान ओलांडून आखाताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आली, २३ तारखेला तिने पुन्हा वादळाचे रूप घेतले, आणि पुढच्या अडीच दिवसांत चौथी श्रेणी गाठली. ज्यांनी १९ तारखेला "संपले" म्हणून लक्ष काढून घेतले, त्यांना बाजारहाटालाही धड वेळ मिळाला नाही. आमच्या पुतणीने मात्र ती नाव नसलेली लाटही रोज पाहिली होती. पाण्याची पिंपे, मेणबत्त्या, तांदूळ, आजींची औषधे असे सारे बुधवारीच घरात आले होते. मोदकांचा नारळसुद्धा.

तरीही तिचे चुकले, आणि आमचेही, ते वर सांगितलेल्या समजुतीत. वादळ किनारा ओलांडून आत आले आणि तिथे अडकून बसले. त्याला पुढे ढकलणारे वारेच नव्हते. एकदा ते मागे फिरून समुद्रावर गेले, तिथून पुन्हा ओल भरून घेतली आणि ३० तारखेला लुइझियानात दुसऱ्यांदा जमिनीवर चढले. मधल्या काळात त्याचा वारा इतका उतरला होता, की हरिकेनच्या कुठल्याही श्रेणीत ते बसत नव्हते. पण पाऊस थांबेना. ह्यूस्टनच्या आसपास चार-पाच दिवसांत अनेक ठिकाणी ३० ते ४५ इंच पाऊस पडला. पूर्वेकडे नेदरलँड नावाच्या गावी ६०.५८ इंच, म्हणजे दीड हजार मिलीमीटरच्या वर. वाक्वाच्या वाचकांनी आपल्या वर्षभराच्या पावसातला बराच मोठा हिस्सा एका आठवड्यात अंगणात ओतलेला कल्पावा. आणि तोही सपाट जमिनीवर. आपल्याकडे डोंगर आहे, नदी आहे, पाणी तासा-दोन तासांत समुद्राला मिळते. तिथे जमीन ताटासारखी. पाणी जाणार कुठे?

शुगर लँड आणि आसपासच्या वसाहती ब्राझोसच्या काठी आहेत, म्हणून त्यांच्याभोवती मातीचे उंच बांध घातलेले आहेत. नदी वाढली की बांधातली दारे बंद करतात, म्हणजे नदीचे पाणी आत येत नाही. पण आत पडलेला पाऊस मग बाहेरही जात नाही. तो पंपांनी उपसून नदीत टाकावा लागतो. पंपांच्या ताकदीपेक्षा पाऊस अधिक झाला तर बांध शाबूत असूनही आतली घरे बुडतात. त्या आठवड्यात काही वसाहतींत नेमके तसेच झाले. ही गोष्ट घर घेताना कोणी समजावून सांगत नाही, असे जावईबापूंचे म्हणणे.

रविवारी, २७ ऑगस्टला, बातमी आली की रिचमंड येथे नदी ५९ फुटांपर्यंत चढेल. आदल्याच वर्षीचा, २०१६ च्या जूनमधला, विक्रम ५४.७४ फुटांचा होता. बांधांच्या आतल्या अनेक वसाहतींना घरे सोडण्याचे हुकूम सुटले. पुतणीच्या वसाहतीलाही.

इथे खरी पंचाईत. गणपती बसलेला, त्यांच्याकडे पाच दिवसांचा. प्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवायची कशी? आजींनी स्वच्छ सांगितले, "मी देवाला एकटे सोडून येणार नाही. तुम्ही मुलांना घेऊन जा." ऐंशीच्या घरातली बाई; मधुमेह, गुडघे दुखतात, आणि बाहेर रस्त्यावर पोटरीभर पाणी. दुसरीकडे जावईबापूंच्या मनात २००५ सालची आठवण होती. त्या वर्षी रिटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टनच्या भागातून पंचवीस लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी मोटारी घेऊन निघाली. रस्ते तुंबले, उन्हात तासन्‌तास गाड्या उभ्या, आणि वादळ ऐन वेळी पूर्वेला वळून दुसरीकडेच उतरले. त्या पलायनातच शंभरावर माणसे दगावली. कोणी उष्म्याने, आणि वृद्धांना नेणाऱ्या एका बसला आग लागून एकदम २३. जावईबापूंचे ओळखीचे एक कुटुंब त्या रांगेत वीस तास होते. त्यामुळे "निघा" म्हटल्याबरोबर निघावे, असे त्यांनाही वाटेना.

आम्ही टेलिफोनवर होतो. आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. काय सल्ला द्यावा? दहा हजार मैलांवरून सल्ला देणे सोपे असते म्हणून आम्ही गप्प बसलो, हे कबूल करतो. शेवटी पुतणीनेच तोड काढली. ती सासूबाईंना म्हणाली, "आई, आज तिसरा दिवस आहे. तीन दिवसांचाही गणपती असतो. आज उत्तरपूजा करू, बाप्पाला निरोप देऊ, आणि मग सगळे मिळून निघू." आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाण्यात सोडायचे ना? मग नदी कशाला, ती तर दारात आलीच आहे."

पण दारातल्या गढूळ पाण्यात, ज्यात गटारेही मिसळलेली, मूर्ती सोडणे कोणाला पटेना. स्वच्छ पाण्याची एक मोठी बादली घेतली. शाडूची वीतभर मूर्ती. आरती झाली, मुलांनी टाळ वाजवला, आणि बादलीत विसर्जन झाले. माती विरघळायला वेळ लागतो, तितका वेळ थांबायला नव्हता. म्हणून ती बादलीच झाकण लावून मोटारीच्या मागच्या भागात ठेवली, आणि देवासकट सारे कुटुंब दहा मैलांवरच्या उंचावरील एका मराठी घरी गेले. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी तीन तास लागले. दोनदा पाणी पाहून मागे फिरावे लागले. पुढे पाणी किती खोल आहे ते न कळता मोटार घालणे हीच तिथे मरणाची मोठी वाट. हार्वीत टेक्सासमध्ये ६८ माणसे प्रत्यक्ष वादळाने गेली. त्यांपैकी ६५ पावसाच्या आणि नद्यांच्या पुरात. समुद्राच्या उधाणाने एकही नाही, आणि चौथ्या श्रेणीचे ते वारे, ज्यांची आम्हांला धास्ती होती, त्यांनीही फारसे कोणाला नेले नाही.

मंगळवारनंतर पाऊस ओसरला. बुधवारी ऊन पडले. आणि तरी ब्राझोस चढतच होती! तिचे पाणी शेकडो मैल वरून येते. आकाश निळे झाल्यावर दोन दिवसांनी, १ सप्टेंबरला, ती रिचमंडला ५५.१९ फुटांवर पोहोचली. नवा विक्रम, पण सांगितलेल्या ५९ फुटांपेक्षा बराच कमी. बांध टिकले. पुतणीच्या घरात पाणी उंबऱ्याच्या दोन बोटे खाली येऊन थांबले होते. पलीकडच्या रस्त्यावरच्या घरांत मात्र गुडघाभर. घरी परतल्यावर आजींनी बादलीतले मातीचे पाणी तुळशीला आणि अंगणातल्या कढीलिंबाला घातले.

समुद्राकडे पाहणाऱ्यांची चूक होण्याची ही पहिली वेळ नव्हती. शुगर लँडपासून जवळचा मोठा किनारा गॅल्व्हस्टन बेटाचा. ८ सप्टेंबर १९०० रोजी त्या बेटावर वादळ आले. क्यूबातल्या जाणत्या निरीक्षकांचा कौल होता, की वादळ आखातात जाईल. वॉशिंग्टनच्या हवामान कचेरीची समजूत होती, की ते फ्लोरिडाकडे वळेल. क्यूबाच्या माणसांचे म्हणणे ऐकून घ्यायचीच त्या कचेरीची तयारी नव्हती. बेटाची सर्वांत उंच जागा नऊ फुटांहूनही कमी, आणि समुद्र पंधरा फूट चढला. साधारण आठ हजार माणसे मेली असे मानतात. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसे कधी गेली नाहीत. नंतर बेटाला १७ फूट उंचीची भिंत बांधली गेली. त्या पडझडीच्या काळात शहराचा खजिना सांभाळणारे आयझॅक केम्पनर यांनीच पुढे एल्ड्रिज यांच्यासह शुगर लँडचा साखर कारखाना उभा केला, हा एक योगायोग.

आपल्या बेटाची याहून जुनी जखम १८९२ ची. २९ एप्रिलला, म्हणजे वादळांचा हंगाम सरला असे लोक धरून चालले असताना, ते आले आणि पोर्ट लुईत हजारावर माणसे गेली. तेव्हा आपल्याकडे पाँप्लेमूसला वेधशाळा होती, आणि तिचे चार्ल्स मेल्ड्रम जगातल्या वादळांच्या मोठ्या अभ्यासकांत गणले जात. जहाजांच्या रोजनिशा गोळा करून त्यांनी हिंदी महासागरातल्या वादळांचे नकाशे काढले होते. "सायक्लोन" हा शब्दही आपल्याच बाजूचा. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन यांनी तो बनवला. इतके ज्ञान असूनही कॅलेंडरावर भरवसा ठेवणाऱ्यांना वादळाने गाठले.

टेक्सासमध्ये १९४३ साली तर निराळाच प्रकार झाला. महायुद्ध चालू होते. शत्रूच्या पाणबुड्यांना कळू नये म्हणून जहाजांनी हवामानाची बातमी बिनतारी संदेशाने द्यायची नाही, असा हुकूम होता. २७ जुलैला वादळ ह्यूस्टनच्या किनाऱ्यावर आले तेव्हा लोकांना पुरती सूचनाच नव्हती. १९ जण गेले. त्याच दिवशी ब्रायन येथील हवाई तळावरून जोसेफ डकवर्थ या शिक्षक-वैमानिकाने सरावाचे छोटे विमान त्या वादळाच्या डोळ्यात नेले आणि परत आणले. विमानाने वादळात शिरून मोजमाप घेण्याची प्रथा तेथून पडली. आज आखातात तांबडा रंग दिसला की ही विमाने उडतात, आणि त्यांनी आणलेले आकडे काही मिनिटांत पुतणीच्या स्वयंपाकघरात पोहोचतात.

आता एक गमतीची, पण उपयोगाची गोष्ट. २०२४ च्या जुलैत आमचे थोरले बंधू लेकीकडे गेले होते. बेरिल नावाचे वादळ कॅरिबियन बेटांना झोडपून युकातानवर आले होते. ते मेक्सिकोकडे जाईल असा अंदाज होता, म्हणून शुगर लँडची मंडळी निवांत होती. चार जुलैच्या सुट्टीचे दिवस. हळूहळू अंदाजाची रेघ नकाशावर वर वर सरकू लागली. रविवारी संध्याकाळी वारा सुटला तेव्हा बंधू अंगणात गेले, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि उजवा हात पसरून म्हणाले, "वादळ या बाजूला आहे." आपल्याकडे बापजाद्यांपासून हाच नियम. नातवाने नकाशा दाखवला. वादळ डाव्या बाजूला होते! विषुववृत्ताच्या उत्तरेला वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, आपल्याकडे काट्यांप्रमाणे. साठ वर्षांचा अनुभव, पण आरशात पाहिल्यासारखा उलटा.

यातच शुगर लँडचे एक वर्म आहे. आपल्याकडे वादळाच्या वाटेची डावी बाजू जास्त जोराची; म्हणून पश्चिमेकडे जाणारे वादळ बेटाच्या उत्तरेने गेले की आपण धास्तावतो. तिथे उजवी बाजू जोराची. म्हणजे वादळ शुगर लँडच्या पूर्वेने, गॅल्व्हस्टनवरून गेले तर गाव डाव्या, त्यातल्या त्यात सौम्य बाजूला राहते. २००८ साली अनंत चतुर्दशीच्या आदल्या पहाटे आलेले आइक तसे गेले. समुद्राच्या उधाणाचा मार गॅल्व्हस्टन आणि त्याच्या पूर्वेच्या किनाऱ्याला बसला. पण वादळ पश्चिमेला, मॅटागोर्डाजवळ उतरले, तर समुद्रावरचा सारा वारा आणि ओल गावावर येते. बेरिल ८ जुलैच्या पहाटे मॅटागोर्डाजवळच उतरले. श्रेणी पहिलीच. तरी ह्यूस्टनच्या परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि कित्येकांकडे आठवडाभर आली नाही. जुलैचा उन्हाळा, पस्तीस अंशांचा दमट उकाडा, बंद खिडक्यांची घरे. वारा थांबल्यानंतरच्या त्या उष्म्याने वृद्ध माणसे गेली. पुतणीकडे पाच दिवस वीज नव्हती. आजींचे इन्सुलिन शीतपेटीत बर्फ घालून जपावे लागले, आणि बर्फासाठी जावईबापू रोज रांगेत. बंधू म्हणाले, "कॅरोलनंतर आमच्याकडेही महिनोन्‌महिने वीज नव्हती, पण तेव्हा घरात वीज होती कुणाकडे?"

त्याच वर्षी जानेवारीत भूमिका उलट्या होत्या. तिकडे पुतणी रात्र जागून आपल्या बेटाकडे पाहत होती. १५ जानेवारी २०२४, बेलाल. आपल्या सूचनांचे चार वर्ग लहान मुलालाही माहीत आहेत. पण ते वर्ग बांधलेले आहेत ताशी १२० किलोमीटरच्या झोतांवर. झोत तेवढे होणार की नाही आणि किती तासांत, एवढेच ते सांगतात. पावसाबद्दल त्या आकड्यात काही नाही. त्या सोमवारी सकाळी माणसे कामावर गेली, आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहू लागल्या. २०१३ च्या मार्चमध्ये तर वादळ नसताना, नुसत्या पावसाच्या लोंढ्याने त्याच शहरात ११ जण गेले होते. पुतणी फोनवर एवढेच म्हणाली, "काका, वर्ग विचारू नका. नदी कुठे आहे ते विचारा. बाबांना सांगा, मोटार बाहेर काढू नका."

हे तिने हार्वीत शिकलेले. वाऱ्याची श्रेणी मोजायला सोपी, सांगायला सोपी, म्हणून दोन्हीकडे तिचाच गवगवा होतो. टेक्सासमध्ये २००१ साली ॲलिसन कधीही हरिकेन झाले नाही, तरी ह्यूस्टन बुडाले आणि त्या राज्यात वीसहून अधिक माणसे गेली. अशा वादळांना श्रेणीच नसते, म्हणून भीतीही नसते. आमच्या मते आपल्या आकाशवाणीने वर्गाचा आकडा सांगताना त्याच दमात पावसाचा आणि कालव्यांचा आकडा सांगितला पाहिजे. पावसाच्या सूचना निराळ्या निघतात हे खरे. पण घाईच्या सकाळी माणूस एकच आकडा ऐकतो.

आम्ही मागे भाद्रपदात पुतणीकडे होतो. ज्या घराचा एक पाय वाक्वात आणि एक शुगर लँडला, त्याला वर्षात मे महिन्याचा दुसरा पंधरवडा तेवढा मोकळा. नोव्हेंबरात तर दोन्ही समुद्र पाहावे लागतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सातचा नकाशा आला. आखातात काही नव्हते. आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर एक पिवळा डाग होता, शेकडा २० चा. धाकट्याने तो पाहिला आणि बोटांवर दिवस मोजले. आजी ओट्याशी नारळ खवत होत्या. "किती दिवस?" त्यांनी विचारले. "आलाच तर दहा," तो म्हणाला. "मग यंदा पाच दिवस निवांत," असे म्हणून त्यांनी खवणी पुढे ओढली. कोपऱ्यात झाकणाची ती जुनी बादली घासूनपुसून ठेवलेलीच होती. तेव्हापासून त्या घरी विसर्जन तिच्यातच होते.